शेवगे रोड

साळवे काकांच्या घरात कात्री मनमाडला असायची. सुईदोरा लासलगावला, टॉर्च पाचोऱ्याला आणि काकूंचा चष्मा बहुतेक वेळा चाळीसगावला. मी त्यांच्या वरच्या खोलीत भाडेकरू म्हणून राहायला आले, त्या पहिल्याच संध्याकाळी खालून काकूंचा आवाज आला, "अवो, खिळे कुठंयत?" आणि काका शांतपणे म्हणाले, "निफाडला. नसतील तर उगावला बघ. कालच्या गडबडीत चुकून तिकडे पडले असतील." मी कोल्हापूरची, बँकेत बदली होऊन नाशिकरोडला आलेली. मला वाटलं, यांची या गावांना दुकानं-बिकानं आहेत की काय.

दुकानं नव्हती, जिना होता. माझ्या खोलीकडे येणारा. अशा जिन्याखालच्या जागेत चार घरी रद्दी, फुटकी बादली आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेलं सगळं असतं. काकांनी तिथे प्लायवूडचे खाने ठोकले होते. जमिनीपासून जिन्याच्या पोटापर्यंत, एकावर एक, एकाशेजारी एक. प्रत्येक खान्यावर पांढऱ्या पट्टीवर काळ्या शाईने एकेका स्टेशनाचं नाव. जिना उतरत येतो तसे खाने बुटके होत जात, म्हणून भुसावळ, मनमाड अशी मोठी मंडळी उंच बाजूला होती आणि जिथे जिना जमिनीला टेकतो तिथे काडेपेटी मावेल एवढं हिसवळ. त्यामुळे स्टेशनांचा क्रम थोडा चुकला होता आणि त्याचं काकांना मनापासून वाईट वाटे. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आपणहून सांगत, "हे असं नाहीये बरं का खरं. जिन्यापुढे इलाज नाही."

काकांची सगळी नोकरी गाडीत गेली होती. गाडीला टपालाचा एक लाल डबा जोडलेला असायचा. त्यात उभं राहून, चालत्या गाडीत, पत्रं गावोगावच्या खान्यांत टाकायची आणि त्या त्या गावच्या थैल्या बांधायच्या, हे त्यांचं काम. पुढे हे काम डब्यातून इमारतींमध्ये गेलं, डबे बंद झाले आणि काका निवृत्त झाले. डबा बंद झाला तरी हाताची सवय कशी बंद होणार? घरातली कुठलीही वस्तू हातात आली की ती कुठल्या तरी गावची असल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही, पगार विचारला नाही. विचारलं, "पिनकोड काय तुमचा?" मी सांगितला. पहिले तीन आकडे ऐकूनच ते म्हणाले, "चारशेसोळा. कोल्हापूर. छान. थैली जड असायची तुमची." तेव्हापासून मी त्यांच्यासाठी चारशेसोळा झाले ती कायमची. "चारशेसोळा, चहा घेणार का?" अशी हाक जिन्यातून वर आली की शेजारपाजारचे दचकत. मला आधी राग येई, मग सवय झाली, आणि नंतर कुणी मंजुषा म्हटलं की परकं वाटायला लागलं.

चहा ते उभ्यानेच घेत. पाय जरा फाकवून, गुडघे सैल सोडून, कप छातीशी धरून. बोलता बोलता किंचित डुलत. हॉलमध्ये चांगला सोफा होता, बुद्धाच्या मूर्तीशेजारी आरामखुर्ची होती, पण घर एका जागी थांबलेलं आहे यावर त्यांचा अजून पुरता विश्वास बसला नसावा. काकू म्हणत, "लग्नानंतर पहिल्यांदा यांना उभ्यानं जेवताना पाहिलं, तवा मला वाटलं, माणूस निघायच्या तयारीत हाय."

काकू नांदगावकडच्या. बोलायला मोकळ्या, हसायला त्याहून मोकळ्या. काकांच्या या स्टेशनांचा त्यांना जाच होता आणि अभिमानही होता. एकदा मोरीतला नळ बिघडला. नळवाला आला, त्याच्याकडे हवा तो पाना नव्हता. काका आत अंघोळीच्या पाण्याची सोय बघत होते, तिथूनच ओरडले, "पाना नांदगावला आहे. जा, घेऊन ये." नळवाला काकूंना ओळखत होता, त्यांचं माहेर त्याला ठाऊक होतं. तो बिचारा म्हणाला, "काकूंच्या माहेरी का?" काका म्हणाले, "माहेर कुठलं काढलंस? सरळ जा, डावीकडे वळ, खालून दुसरं." नळवाल्याने मान डोलावली, बाहेर येऊन गाडीला किक मारली. काकू गेटपर्यंत धावत गेल्या नसत्या, तर तो खरोखरच नांदगावला जाऊन डावीकडे वळून खालून दुसरं घर शोधत बसला असता. त्यानंतर महिनाभर काकू आठवण काढून हसत होत्या.

काकांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "ज्याला खाना नाही, ते घरात नाही." भाचीने वाढदिवसाला मोठी फुलदाणी दिली, ती याच नियमाने दुसऱ्या भाचीकडे गेली. मी दिवाळीत एक आकाशकंदील आणला, तर त्यांनी हातात घेऊन चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि विचारलं, "हा घडी होतो का?" होत होता म्हणून वाचला. तो जळगावला गेला. असा माणूस म्हातारपणी अंगणभर आगगाडी करायला घेईल, असं कुणाला वाटलं असतं?

अंगण म्हणजे तरी काय? घर आणि रस्त्याकडची भिंत यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी. एका टोकाला गेट, दुसऱ्या टोकाला शेजारच्या निकम मॅडमची कंपाउंडची भिंत. त्यातच काकूंचा कढीपत्ता, गवती चहा, मोगरा, पाण्याची टाकी आणि माझी स्कूटर. स्कूटर उभी राहिली की माणसाला अंग चोरून जावं लागे. गॅसची टाकी आणणारा तर गेटवरूनच हाक मारून टाकी ठेवून पळायचा. अशा जागेत कायमचे रूळ टाकणं शक्यच नव्हतं. म्हणजे गाडी रोज मांडायची आणि रोज उचलून जिन्याखाली ठेवायची. म्हणजे जिन्याखालच्या खान्यांत बसेल एवढीच करायची.

इथे काकांची खरी गंमत सुरू झाली. लोक आधी गाडी करतात आणि मग ती ठेवायची कुठे म्हणून डोकं खाजवतात. काकांनी उलटं केलं. आधी खाने मोजले. डब्याची लांबी चाळीसगावच्या खान्याएवढी, इंजिनाची उंची पाचोऱ्याएवढी. रूळ किती लांबीच्या तुकड्यांत कापायचे, ते जिन्याच्या सर्वांत लांब कप्प्याने ठरवलं. टॉर्चला पाचोरा सोडावं लागलं, चष्म्याला चाळीसगाव. काकूंना चष्म्याचं नवं गाव पाठ व्हायला बरेच दिवस लागले.

आता रूळ. बाजारात बागेत चालणाऱ्या तयार गाड्या मिळतात म्हणे, परदेशी. काकांनी एका दुकानात फोटो पाहिला आणि फोटो परत दिला. मग कुठल्याशा गाळ्यात सरकत्या खिडक्या बनवणाऱ्याकडे त्यांना ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे उरलेले तुकडे दिसले. सरकत्या खिडकीची खालची पट्टी पाहिली असेल तुम्ही. तिच्यावर दोन उभ्या कडा असतात आणि खिडकीची चाकं त्या कडांवरून पळतात. काका तिथेच उकिडवे बसले आणि पट्टीवरून बोट फिरवत राहिले. गाळेवाल्याने विचारलं, "खिडकी करायचीय का बाबा?" काका म्हणाले, "खिडकीच आहे, पण आडवी."

तर रूळ खिडकीचे, चाकंही खिडकीचीच. इंजिनात एका मोडक्या खेळण्यातली मोटर आणि चार्जिंगचे सेल. डब्यांना तेलाच्या डब्याचा पत्रा. दोन डबे माणसांचे, निळे. आणि इंजिनाच्या लगेच मागे एक लाल डबा. त्या लाल डब्यावर त्यांनी जेवढा वेळ घालवला, तेवढा बाकी सगळ्या गाडीवर मिळून घालवला नसेल. त्याच्या खिडक्यांना जाळी लावली होती, अगदी बारीक, छान. ती कुठून आणली ते दोन दिवसांनी कळलं, चहात पावडर यायला लागली तेव्हा. काकू गाळणीचं मोकळं कडं हातात घेऊन माझ्याकडे वर आल्या आणि म्हणाल्या, "बघ, काय म्हणायचं या माणसाला?"

रविवारी सकाळी माझी स्कूटर रस्त्यावर जाई आणि गाडी मांडायचं काम सुरू होई. विटा, फरशीचे तुकडे, गवंड्यांकडे असते तशी पाणी भरलेली लेव्हलची नळी. काका गुडघ्यावर, काकू नळीचं दुसरं टोक धरून. "वर. अजून वर. थांब. किती वर नेलीस!" "तुम्हीच वर म्हणला ना!" मी गॅलरीत उभी राहून दात घासत हे बघत असे. माझ्या गॅलरीतून काकांची पट्टी दिसे, आणि भिंतीपलीकडची निकम मॅडमची शेवंतीसुद्धा. दोन्ही अंगणं एकाच वेळी दिसतील अशी जागा गल्लीत ती एकच होती.

बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारी, "गोल का नाही केली?" काका गंभीरपणे सांगत, "गोल फिरतं ते खेळणं. गाडी कुठून तरी सुटते आणि कुठे तरी पोचते." ऐकणारा मान डोलावत असतानाच आतून काकूंचा आवाज येई, "पट्टी वाकत नाय म्हणून सांगा की!"

दोन्ही खरं होतं. पण मला कुतूहल वेगळंच होतं. जन्मभर गाडीत उभा राहिलेला माणूस, पाय सुजलेला, पाठ दुखणारा, म्हातारपणी पुन्हा गाडीच का करतो? एका रविवारी चहा घेताना मी विचारलंच. काकांनी कप छातीशी धरला.

"चारशेसोळा, तुला सांगतो, मी गाडी पाहिलेलीच नाही."

"म्हणजे?"

"आतून पाहिली. बाहेरून नाही. आमच्या डब्याला जाळ्या, त्याही निम्म्या बंद. हातातलं काम सोडून बाहेर कोण बघणार? लासलगाव आलं हे कांद्याच्या वासावरून कळायचं. पूल आला की आवाज बदलायचा. इगतपुरीला गारवा यायचा. एवढंच."

"पण स्टेशनवर तर उतरायचात ना?"

"उतरायचो. पण चढायचो कधी? गाडी जिथून निघायची तिथे, माणसं यायच्या आधी. आणि उतरायचो सगळ्यांच्या नंतर. प्लॅटफॉर्मवर उभं राहून माझ्या गाडीची वाट मी कधी पाहिलीच नाही. लोक बघ कसे उभे असतात. वाकून बघतात, सिग्नल बघतात, मग लांबून दिसते, मग आली आली म्हणतात. माझा डबा कसा येत असेल स्टेशनात, हे मला माहीत नाही. आणि आता डबेच राहिले नाहीत."

काकू म्हणाल्या, "नांदगावच्या गाडीची वाट लय येळा पाहिली की आपण."

"ती लोकांची गाडी," काका म्हणाले. "मला माझा लाल डबा येताना बघायचाय. एकदा. बास."

म्हणजे एवढा सगळा खटाटोप एका येण्यासाठी होता. मला हसू आलं नाही. उलट वाटलं, सोपं आहे की, आजच होईल.

पण झालं नाही. गेटकडून काकूंनी बटण दाबायचं आणि भिंतीकडे काकांनी उभं राहायचं, असा पहिला प्रयोग झाला. गाडी नीट निघाली, कुरकुरत, डुलत, कढीपत्ता मागे टाकून काकांच्या पायाशी आली आणि स्पंजाच्या तुकड्याला थडकून थांबली. काकूंनी टाळ्या वाजवल्या. मीही वरून वाजवल्या. काका कमरेवर हात ठेवून गाडीकडे बघत राहिले.

"हे येणं नव्हे," ते म्हणाले.

"आता आनी काय झालं?"

"ती सुटल्यापासून मला दिसतेय. दिसतेय, दिसतेय आणि मोठी होतेय. येणं म्हणजे आधी नसते. मग येते."

गाडी वळवता आली असती तर घराच्या कोपऱ्यामागून आणता आली असती. पण खिडकीची पट्टी वळत नाही. मग काकूंनी अक्कल लढवली. मधोमध दोरी बांधली, तिच्यावर फुलाफुलांची चादर टाकली, म्हणजे चादरीपलीकडून गाडी अचानक येईल. बेत उत्तम होता. गाडी सुटली, चादरीत शिरली, आणि चादर दोरीवरून सुटून गाडीवर पडली. मग ती फुलाफुलांची चादरच मोगऱ्यापर्यंत पुढे पुढे सरपटत आली. काकू हसून हसून खाली बसल्या. काकासुद्धा हसले, पण हसता हसता त्यांची नजर त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर गेलेली मला दिसली.

त्या भिंतीपलीकडे निकम मॅडम राहत. निवृत्त मुख्याध्यापिका, एकट्या, शेवंतीचा नाद असलेल्या. काका आणि त्या एकमेकांशी बोलत नसत. कारण होतं एक शेवग्याचं झाड. ते काकांच्या पट्टीत होतं, काकांनी लावलेलं, आणि त्याच्या फांद्या मॅडमच्या अंगणावर जात. एका पावसाळ्यात त्यावर सुरवंट झाले, मॅडमच्या अंगभर गांध्या उठल्या. काका-काकू नांदगावला एका लग्नाला गेले होते. ते परत आले तेव्हा शेवगा नव्हता, बुंधा होता. मॅडमनी माणूस बोलावून झाड तोडवलं होतं आणि भिंतीवर विटांचे दोन थर चढवले होते. काका भांडले नाहीत. नुसते बोलायचे थांबले. मी यायच्या खूप आधीची ही गोष्ट. काकू मात्र अधूनमधून मॅडमकडे अळूची पानं देऊन येत, हे काकांना माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं होतं.

तर आता काकांच्या मनात होतं ते असं. भिंतीला तळाशी एक भोक पाडायचं. गाडी इकडून सुटेल, भोकातून पलीकडे जाईल. आणि काका पलीकडे उभे असतील. भिंतीमुळे ती आधी दिसणार नाही. मग येईल. सगळं जमत होतं, फक्त त्यासाठी निकम मॅडमच्या दारात जाऊन उभं राहावं लागणार होतं.

ते बरेच दिवस गेले नाहीत. रविवारी पट्ट्या मांडायचे, भिंतीपर्यंत गाडी आणायचे, उचलून ठेवायचे. काकू म्हणाल्या, "मी विचारते." काका म्हणाले, "नको. डबा माझा आहे." मग एके दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून ते गेटबाहेर पडले आणि दहा पावलांवरच्या गेटपाशी जाऊन कडी वाजवली. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. एकच ओढणी मी बराच वेळ वाळत घातली.

"नमस्कार, मॅडम."

"बोला." मॅडमचा आवाज अजून शाळेतलाच होता.

"तुमच्या भिंतीला खाली एक भोक पाडायचं होतं."

"कशासाठी?"

"गाडी यायला."

मॅडमनी रस्त्यावर उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरकडे पाहिलं. "भोकातून?"

मग काकांनी सगळं सांगितलं. लाल डबा, जाळ्या, प्लॅटफॉर्म. उभ्यानेच, किंचित डुलत. मॅडम हातातली शेवंती छाटायची कात्री उघडझाप करत ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्ही माझ्या अंगणात उभे राहणार."

"हो. तुम्ही येऊ दिलंत तर."

"किती वेळ?"

"ते गाडीवर आहे," काका म्हणाले.

"सांगते," म्हणून मॅडम आत गेल्या.

पुढचे काही दिवस घरात काही म्हणजे काही सापडेना. कात्री मनमाडला नाही, जळगावला. सुईदोरा कुठेच नाही. काकूंचा चष्मा चक्क इंजिनात. काकांचा हात चुकायला लागला होता, आणि जन्मभर ज्याचा हात चुकला नाही त्याचं ते चुकणं बघवत नव्हतं. काकूंनी एकदा विचारलं, "आनी त्या नाय म्हनल्या तर?" काका म्हणाले, "तर नाही." आणि जिन्याखाली जाऊन उगाचच खान्यांची धूळ झटकत बसले.

मॅडम आल्या त्या सकाळी, भाजी आणायच्या पिशवीसकट. गेटपाशीच उभ्या राहून त्यांनी अटी सांगितल्या. संध्याकाळी भोकाला झाकण हवं, घुशी येता कामा नयेत. शेवंतीवर पाय पडता कामा नये. "आणि माझ्या हद्दीतल्या स्टेशनचं नाव मी ठेवणार."

काकांनी सगळ्याला हो म्हटलं. दुसऱ्याच दिवशी तोच नळवाला ड्रिल घेऊन आला. "काका, आज पाना कुठल्या गावाहून आणायचा?" असं विचारून त्याने मागचा हिशेब चुकता केला.

पलीकडच्या पट्ट्या बसल्या, स्पंज लागला. आणि मग मॅडमनी स्वतः रंगवलेली पाटी आणून शेवंतीच्या वाफ्यात खोचली. पिवळ्यावर काळी अक्षरं, फळ्यावर लिहितात तशी गोल, सुबक. 'शेवगे रोड'.

नाशिकरोडला राहणाऱ्या माणसाला 'रोड' म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ज्या गावाचं नाव पाटीवर आहे ते गाव इथे नाही, लांब आहे, एवढाच त्याचा अर्थ. नाशिकला म्हणून इथे उतरलेले लोक सामान घेऊन स्टेशनबाहेर बावरून उभे असतात आणि रिक्षावाले त्यांची वाटच बघत असतात. काकांनी भिंतीवरून मान काढून पाटी वाचली. पुन्हा वाचली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "गाव नाही राहिलं."

"म्हणून तर रोड लिहिलं," मॅडम म्हणाल्या. मग हातातल्या शेवंतीच्या कात्रीकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं मी. सुरवंटांनी जीव नकोसा केला होता, पण विचारायला हवं होतं."

काका म्हणाले, "शेंगा चांगल्या यायच्या त्याला."

"हो," मॅडम म्हणाल्या. "काकू द्यायच्या मला."

याच सुमारास माझी बदली पुण्याला झाली. काका मागच्या पावसाळ्यात गेले, झोपेतच गेले, हे काकूंनी मला फोनवर सांगितलं. येते येते म्हणत मला बदलीनंतर नाशिकला जायला जमलंच नव्हतं. त्यामुळे मी काकांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या दिवशी, रविवारी सकाळी, माझ्या गॅलरीतून.

सामानाचा टेम्पो भरून उभा होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून मॅडमच्या अंगणात गेले. जाण्याआधी खालून मला बजावलं, "चारशेसोळा, तुला दोन्हीकडचं दिसतं. वरून काही सांगायचं नाही. सुटली का, कुठवर आली, काही नाही. मला कळता कामा नये." मी तोंडावर बोट ठेवलं. काका पाटीशेजारी उभे राहिले. मॅडमही येऊन थांबल्या, थोड्या अंतरावर.

इकडे काकूंनी बटण दाबलं. गाडी निघाली. त्याच वेळी आत कुकरने शिट्टीवर शिट्टी द्यायला सुरुवात केली आणि काकू गॅस बंद करायला धावल्या. गाडी कढीपत्त्यापुढून गेली, टाकीपुढून गेली, आणि गवती चहाचं एक पातं रुळावर वाकून आलं होतं त्यात चाक अडकून थांबली. मोटर नुसती घरघरत होती. काकूंचा पत्ता नव्हता.

पलीकडे काका वाट बघत होते. आधी हात मागे बांधून. मग वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, त्या भोकाकडे बघत. मग सरळ होऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"लेट दिसतेय," ते म्हणाले.

"येईल," मॅडम म्हणाल्या.

"सुटली असेल ना?"

"मला कसं माहीत असणार? मीही तुमच्याशेजारीच उभी आहे."

काका पुन्हा वाकले. मला सगळं दिसत होतं. अडकलेली गाडी दिसत होती आणि वाट बघणारा माणूस दिसत होता, आणि ओरडून सांगायला जीव तुटत होता. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी दोन्ही हातांनी गॅलरीचा गज धरला. एवढ्यात पदराला हात पुसत काकू बाहेर आल्या, थांबलेली गाडी पाहिली, वर माझ्याकडे पाहिलं. मी नुसतं बोट दाखवलं. काकूंनी ते पातं अलगद बाजूला धरलं. "चल गं बाई," म्हणाल्या, अगदी हळू. गाडी हलली आणि भिंतीत शिरली.

क्षणभर दोन्हीकडे गाडी नव्हती. मग भोकातून इंजिनाचं तोंड बाहेर आलं आणि त्याच्यामागे लाल डबा. काकांच्या घोट्याइतकी उंच नव्हती ती गाडी. पण काका झटकन सरळ झाले, एक पाऊल मागे सरकले आणि शेजारच्या माणसाला अडवतात तसा त्यांनी मॅडमच्या पुढे हात आडवा धरला.

"मॅडम, मागे व्हा," ते म्हणाले. "गाडी आली."

निकम मॅडम निऱ्या सावरून मागे झाल्या.